सांगाडा बसत नाही तेव्हा: फॅशन जाहिरातीतलं रिटचिंग कसं ओळखावं

प्रश्न असा आहे: "मी फिगर ड्रॉइंगचा सराव फॅशन मासिकांतल्या जाहिरातींवरून करतो. आधी सांगाडा काढायचा, मग त्यावर शरीर बसवायचं. पण बऱ्याच फोटोंत सांगाडा बसतच नाही. सध्या अडलोय त्या फोटोत एक मॉडेल टाइल्सच्या भिंतीपुढे एक हात कंबरेवर ठेवून उभी आहे, आणि माझ्या मापाने तो हात कंबरेपर्यंत पोचतच नाही. माझं मोजमाप चुकतंय की फोटोत फेरफार आहे? असेल तर तो साध्या डोळ्यांनी ओळखायचा कसा?"

मोजमाप बहुधा तुमचं बरोबर आहे. वीस वर्षं मी जाहिरातींच्या फोटोंचं रिटचिंग करते आहे आणि या काळात माझ्या टेबलावरून हात न लागता पुढे गेलेला फॅशन जाहिरातीचा फोटो मला आठवत नाही. त्यामुळे "रिटच केलाय का?" असं विचारलंत तर उत्तर जवळजवळ नेहमी हो असंच येईल. काय केलंय आणि कुठे केलंय, हे शोधणं जास्त उपयोगाचं.

कामाचे ढोबळ तीन थर असतात. पहिला साफसफाईचा: कपड्यावरचा धागा, चेहऱ्यावर त्याच दिवशी उगवलेली पुटकुळी, गालावर आलेली केसाची बट. दुसरा त्वचेचा आणि उजेडाचा. तिसरा आकाराचा: कंबर, मांड्या, दंड, हनुवटी, मान, पाय. तुमचा सांगाडा बिघडवतो तो हा तिसरा थर, म्हणून त्यावर जास्त बोलते.

फोटो हातात आला की आपण चेहरा बघतो, मग शरीर. तपासायला बसाल तेव्हा उलटं करा. शरीराला लागून जे जे आहे ते आधी बघा. भिंत, जमीन, सावली, खुर्चीची पाठ, आरसा, हात आणि धड यांच्यामधली मोकळी जागा. रिटच करणाऱ्याचं सगळं लक्ष शरीरावर असतं. शेजाऱ्यांकडे वेळ उरला तर बघितलं जातं, आणि वेळ कधीच उरत नाही.

आकार बदलण्याचं मुख्य हत्यार म्हणजे फोटोशॉपमधलं लिक्विफाय. ते 2000 साली फोटोशॉपच्या सहाव्या आवृत्तीत आलं आणि आमचं काम कायमचं बदललं. ते चालतं कसं हे एकदा समजलं की त्याच्या खुणा आपोआप दिसायला लागतात. फोटो पातळ रबराच्या तुकड्यावर छापलाय असं समजा. मी मोठा ब्रश घेते, कंबरेच्या किंचित बाहेर ठेवते आणि आत ढकलते. ब्रश मोठाच लागतो, कारण लहान ब्रशने ढकललं तर कड लाटांसारखी होते. कंबरेची किंवा दंडाची रेघ अशी हलकी लहरत गेलेली दिसली तर ते घाईचं किंवा नवशिक्या हाताचं काम समजा. आता मोठ्या ब्रशने कंबर आत गेली, पण तिला लागून असलेलं सगळं रबर तिच्यामागून ओढलं गेलं. मध्याशी जास्त, कडेकडे कमी. मागे दाराची चौकट असेल तर तिची उभी कड कंबरेच्या उंचीवर शरीराकडे झुकते आणि वर-खाली पुन्हा सरळ होते. टाइल्स असतील तर त्यांच्यामधल्या सांध्याची रेघ तसंच करते.

हा बाक समोरून बघून सहज दिसत नाही. सुतार फळीचा बाक कसा बघतो? एक डोळा मिटून, फळी डोळ्याच्या पातळीला धरून, लांबीच्या दिशेने. मासिकाचं पान तसंच धरा आणि त्या रेघेवरून नजर पळवा. समोरून न दिसणारा एका मिलिमीटरचा बाकही असा बघितला की लगेच कळतो. स्क्रीनवर असेल तर कागदाची सरळ कड रेघेला लावा.

हा बाक टाळायचे उपाय आमच्याकडे आहेत, पण प्रत्येक उपाय आपली वेगळी खूण ठेवतो. भिंतीवर मास्क, म्हणजे तिला हलू न देणारं झाकण, टाकून ती गोठवली, तर ढकललेली त्वचा मास्कच्या सीमेशी दाटते आणि तिथला पोत आजूबाजूपेक्षा बारीक किंवा पुसट होतो. मॉडेल कापून वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, घेतली आणि मागची भिंत क्लोन स्टॅम्पने, म्हणजे एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने, भरून काढली, तर भिंतीवरचा एखादा डाग, टाइलचा टवका किंवा वाळूतला खडा थोड्या अंतरावर पुन्हा उगवतो. एकसारखे दोन डाग दिसले की त्यांच्यामधलं अंतर आणि दिशा बघा. त्याच अंतरावर, त्याच दिशेला आणखी एक जोडी सापडली तर योगायोगाला जागा उरत नाही. आणि हे उरकायला वेळ नसला की हात आणि धड यांच्यामधला तो लहान त्रिकोण विसरला जातो. बाहेरची भिंत नीट जुळवलेली, पण कोपराच्या आतल्या त्या खिडकीतून दिसणारी भिंत बाहेरच्या भिंतीशी जुळत नाही. मी दुसऱ्याचं काम तपासते तेव्हा पहिली नजर त्या त्रिकोणातच टाकते.

सावलीबद्दल एक अनुभव सांगते, कारण मी स्वतः ती चूक केली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी पोहण्याच्या पोशाखांची एक मालिका माझ्याकडे होती. भर उन्हात, पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे काढलेले फोटो. दोन्ही बाजूंनी कंबर आत घ्यायची सूचना आली. मागे एकही रेघ नव्हती, वाकण्यासारखं काही नव्हतं, काम अर्ध्या तासात झालं. जाहिरात छापून आली तेव्हा मी ती सहज चाळत होते, आणि मॉडेलच्या उजवीकडे भिंतीवर पडलेली तिची सावली दिसली. सावली तशीच होती. तिच्यात तिची खरी कंबर होती, जाडसर नाही, बेढब नाही, एका निरोगी बाईची कंबर. शेजारी मी केलेली. दोन्ही एका फोटोत. त्या दिवशी मला त्या कामाची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. तेव्हापासून मी कोणत्याही फोटोत सावली न चुकता बघते, आणि तुम्हीही बघा. आरसा, काच, ओली जमीन, पाण्याचा पृष्ठभाग, चकचकीत गाडीचा दरवाजा, अगदी काळ्या चष्म्यातलं प्रतिबिंब, हे सगळे तसेच साक्षीदार.

अशा चुका मोठमोठ्या नावांच्याही झाल्या आहेत. 2009 मध्ये राल्फ लॉरेन या कपड्यांच्या कंपनीच्या एका जाहिरातीत फिलिपा हॅमिल्टन या मॉडेलची कंबर तिच्या डोक्यापेक्षा अरुंद दिसत होती. कंपनीला चूक मान्य करून माफी मागावी लागली. 2014 मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर पोहण्याच्या पोशाखाचा एक फोटो आला, त्यात मांड्यांमधली फट इतकी बेपर्वाईने कापली होती की पोशाखाचा तुकडाच गायब झाला होता. तिथेही माफी मागून फोटो काढून टाकला गेला. अशी उदाहरणं गाजतात, पण त्यांनी एक गैरसमजही पसरतो की रिटचिंग असं ढोबळच असतं. चांगलं काम कंबर दोन टक्के आत घेतं, दंड दीड टक्का, मान किंचित लांब करतं. वेगळं काढून दाखवता येईल असं काही नसतं, पण सगळं मिळून एक वेगळंच शरीर तयार झालेलं असतं.

इथे तुमची चित्रकलेची नजर माझ्यापेक्षाही उपयोगी पडेल. जे चुकलंय ते सगळेच शोधतात. जे असायला हवं होतं आणि नाही, ते शोधा. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या बाईच्या भार असलेल्या बाजूचं खुब्याचं हाड वर जातं, त्या बाजूचा खांदा खाली येतो, आणि मधली कूस दाबली जाते. दाबली की तिथे वळी पडते. कितीही सडपातळ बाई असू दे, त्वचा कुठेतरी जाणारच. ती वळी नसेल आणि दाबलेली बाजू ताणलेल्या बाजूइतकीच गुळगुळीत असेल, तर ती पुसली आहे. हात अंगाला लागून खाली असेल तर काखेपुढे एक तिरकी घडी पडते. जाहिरातीत ती जवळजवळ कधीच शिल्लक नसते. मान वळली की कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत जाणारा स्नायू उठतो आणि उलट बाजूला त्वचेच्या आडव्या रेघा पडतात. बसलेल्या मॉडेलच्या पोटावर घडी नाही, दुमडलेल्या गुडघ्यामागे रेघ नाही, मांडी खुर्चीवर टेकूनही पसरलेली नाही, असं दिसलं तर समजा की त्या शरीराचं वजनच काढून घेतलंय. वजन टेकलेल्या जागा म्हणजे मांडी, तळवा, टेकलेलं कोपर, गालाखाली घेतलेली मूठ. तिथे मांस सपाट व्हायलाच हवं.

पायांचं वेगळं तंत्र असतं. तिथे ढकलाढकली कमी, सरळ ताणणं जास्त. गुडघ्याखालचा किंवा मांडीचा पट्टा निवडायचा आणि उभा ताणायचा, पाऊल मात्र वगळायचं, कारण ताणलेला बूट कुणाच्याही लक्षात येतो. म्हणून गुडघ्याची वाटी बघा. ताणलेल्या पट्ट्यात ती आली असेल तर गोल न राहता उभट होते. कापड बघा, जीन्सचं विणकाम मांडीवर दाट आणि पोटरीवर एकाएकी विरळ, असं खऱ्या कापडात होत नाही. जमिनीच्या टाइल्स त्याच पट्ट्यात जास्त लांबट दिसतात का ते बघा. तुम्ही डोक्याच्या मापाने मोजत असाल. चित्रकलेत माणूस साडेसात डोकी धरतात, फॅशनच्या रेखाचित्रांत नऊ. उंच मॉडेल आठाच्या आसपास जाते. फोटोत नऊ भरली तर लगेच आरोप करू नका, आधी कॅमेरा कुठे होता ते बघा, त्यावर पुढे सांगते. एकूण उंचीपेक्षा आतली प्रमाणं जास्त बोलकी असतात. सरळ लोंबत्या हाताचं कोपर कंबरेपाशी येतं, मनगट खुब्याच्या सांध्याच्या पातळीला. पाय ताणले आणि धड तसंच ठेवलं तर वरची प्रमाणं शाबूत राहतात, आणि पायांचा हिशेब तेवढा जमत नाही.

सहसा कुणी लक्ष देत नाही अशी एक गोष्ट म्हणजे उलटं रिटचिंग. सगळ्यांना वाटतं आम्ही फक्त बारीक करतो. माझ्या आयुष्यातले कित्येक तास बरगड्या पुसण्यात गेले आहेत. डिझायनरांकडून फोटोसाठी येणारे नमुन्याचे कपडे इतक्या लहान मापाचे यायचे की त्यात मावणाऱ्या मुलींच्या छातीवरची हाडं, खुब्याची टोकं, पाठीचे मणके उघडे दिसायचे. ते भरून काढायचे, दंडावर थोडं मांस आणायचं, गाल भरायचे, डोळ्यांखालचा थकवा काढायचा. 2009 मध्ये ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या तेव्हाच्या संपादक अलेक्झांड्रा शुलमन यांनी बड्या डिझायनरांना पत्र लिहून हीच तक्रार केली होती: नमुन्याचे कपडे फार लहान येतात आणि मॉडेल कमी हडकुळ्या दिसाव्यात म्हणून आम्हाला फोटो रिटच करावे लागतात. हे मला बारीक करण्यापेक्षाही वाईट वाटतं. फोटोत दिसते ती मुलगी बारीक आणि ठणठणीत दोन्ही असते. प्रत्यक्षात ती ठणठणीत नव्हती, आणि तेवढाच पुरावा आम्ही पुसला. ओळखायचं असेल तर हाडांची सुसंगती बघा. मनगट, गुडघा, जबडा अतिशय बारीक आणि टोकदार, पण गळ्याखालची हाडं दिसतच नाहीत आणि बरगड्यांच्या जागी लोण्यासारखा गुळगुळीत भाग, तर मधलं काहीतरी भरलंय.

त्वचेकडे वळते. वरवरचं काम ओळखायला शिकवावं लागत नाही. मेणाची बाहुली सगळ्यांनाच कळते. कसलेल्या हाताचं काम वेगळं. त्यात रंध्रं शाबूत असतात. फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणून एक पद्धत आहे, तिच्यात फोटोचे दोन थर करतात: एकात पोत, म्हणजे रंध्रं, लव, बारीक रेघा, दुसऱ्यात रंग आणि उजेड-सावली. मग पोताला हात न लावता खालचा थर गुळगुळीत करायचा. निकालात रंध्रं दिसतात आणि माणूस म्हणतो, बघा, रंध्रं आहेत, म्हणजे खरं आहे. पण रंध्रांखालच्या त्वचेत चढउतारच नसतो. खऱ्या गालावर रंग सारखा नसतो. नाकाच्या कडेला लालसर, ओठांभोवती किंचित गडद, डोळ्यांखाली वेगळा. पोत आहे पण हे रंगांचे ठिपके नाहीत, तर त्या पद्धतीचा संशय घ्या. दुसरी पद्धत डॉज अँड बर्न, म्हणजे ठिपका ठिपका उजळ किंवा गडद करत जाणं. संयमाने केलं तर ते पकडणं मलाही कठीण जातं.

मग चेहरा सोडून द्या आणि ज्या जागी रिटच करणारा दमतो तिथे जा. कानाची पाळी, गुडघे, कोपरं, बोटांची पेरं, टाचा, मानेची बाजू. चेहरा विशीतला आणि पेरं चाळिशीची, हा विसंवाद फार वेळा सापडतो. डोळ्यांचा पांढरा भाग नेमका पांढरा नसतो. त्याच्यावर वरच्या पापणीची सावली पडते, कोपऱ्यात लाली असते. तो एकसारखा शुभ्र असेल तर रंगवलाय. दोन्ही बुबुळांतले प्रकाशाचे ठिपके तपासा. ते दिव्याचा आकार आणि जागा सांगतात, आणि नाकाची सावली त्यांच्याशी जुळली पाहिजे. केसांच्या कडेला एकही सुटा केस नसेल, डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं असेल, तर ते बहुतेक खरंच कापलेलं असतं.

फोटो संगणकावर असेल तर आम्ही स्वतःचं काम तपासायला वापरतो त्या दोन युक्त्या तुम्हीही वापरू शकता. गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही त्या जमतात. पहिली, लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते रंगांचे थर, वेगवेगळे करून बघा. त्वचा लाल चॅनेलमध्ये सगळ्यात मऊ दिसते आणि निळ्यात सगळ्यात खडबडीत. डाग, शिरा, तीळ तिथे उठून येतात. निळा चॅनेलही लालइतकाच मुलायम निघाला तर कुणीतरी बराच वेळ बसलंय. दुसरी, कर्व्हची रेघ, म्हणजे फोटोतला उजेड-गडदपणा ठरवणारी रेघ, वर-खाली, वर-खाली अशी नागमोडी करा. आमच्यात याला सोलर कर्व्ह म्हणतात. रंग भयंकर दिसतात, पण त्वचेवर भरलेले ठिगळ, ब्रशचे फटकारे, गुळगुळीत केलेल्या भागाच्या सीमा नकाशासारख्या उमटतात. मूळ फाइल मोठी असेल तरच याचा उपयोग. चार वेळा फॉरवर्ड झालेल्या चित्रात सगळंच ठिगळासारखं दिसतं.

आता ज्या गोष्टी रिटचिंग नसतात त्या सांगते, कारण यातले निम्मे संशय खोटे ठरतात आणि त्यात मॉडेलची उगाच बदनामी होते. कॅमेरा कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की पाय लांब आणि डोकं लहान दिसतं. फॅशनचे अर्धे फोटो तसेच काढतात. वाइड लेन्स चौकटीच्या कोपऱ्यातलं सगळं बाहेर ताणते, त्यामुळे कोपऱ्याशी आलेलं पाऊल विचित्र लांब दिसू शकतं. फरक असा की लेन्सची ओढ अख्ख्या फोटोत एका नियमाने वागते, कडेकडे हळूहळू वाढत जाते. मध्येच, फक्त कंबरेपाशी आलेला बाक लेन्सचा नसतो. अंगाला चापून बसलेला ड्रेस पाठीमागे चिमट्यांनी ओढलेला असतो. अंगभर मेकअप असतो, पायांनासुद्धा. मोठ्या मऊ दिव्याने रंध्रं आपोआप कमी दिसतात. मॉडेलला ओटीपोट आत घेऊन, मान पुढे काढून, पुढचा गुडघा किंचित वाकवून उभं राहायचं शिक्षणच असतं. फसवणूक म्हणायची तर हीही आहे, पण ती कॅमेऱ्यासमोर घडलेली. सांगाडा तिच्यात बसतो.

फोटो खरा की खोटा ते सांगतो म्हणणाऱ्या साधनांवर विसंबू नका. एरर लेव्हल अ‍ॅनॅलिसिस नावाची पद्धत नेटवर फार फिरते. जेपेग फाइल लहान करायला चित्र दाबलं जातं, त्यात कुठला भाग वेगळा वागतो ते ती दाखवते. पण ठळक कडा आणि गजबजलेला पोत तिच्यात नेहमीच चमकतात, आणि फोटो एकदा पुन्हा सेव्ह झाला की खुणा विरतात. फाइलच्या माहितीत फोटोशॉपचं नाव सापडलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, व्यावसायिक फोटो नुसता रंग ठीक करायलाही त्यातून जातो. संशोधकांनी मात्र चांगलं काम केलंय. 2011 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या एरिक की आणि हॅनी फरीद यांनी 468 फोटोंच्या आधी-नंतरच्या जोड्या घेऊन, रिटचिंग किती झालंय याला एक ते पाच असा आकडा देणारी पद्धत मांडली. आकाराचा बदल आणि पोत-रंगाचा बदल त्यांनी वेगळा मोजला, जे मला फार योग्य वाटतं. 2019 मध्ये अ‍ॅडोबी ही फोटोशॉप बनवणारी कंपनी आणि बर्कले विद्यापीठ इथल्या संशोधकांनी लिक्विफायने बदललेले चेहरे ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली, तयार केलं. मूळ आणि बदललेला असे दोन्ही चेहरे समोर ठेवूनही माणसांचं उत्तर फक्त 53 टक्के वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. नेटवर्क 99 टक्क्यांपर्यंत पोचलं. चेहऱ्यातला लहान फेरफार नुसत्या नजरेने पकडता आला नाही तर स्वतःला दोष देऊ नका, हे त्यातून कळतं. म्हणूनच मी चेहऱ्याऐवजी शेजाऱ्यांकडे बघायला सांगते.

काही देशांत रिटच केलेल्या जाहिरातीच्या फोटोवर तसं लिहावं लागतं. इस्रायलमध्ये 2013 पासून, फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून, नॉर्वेत जुलै 2022 पासून. फ्रान्समध्ये ही सूचना न दिल्यास 37,500 युरोपर्यंत दंड आहे, पण तिथला नियम शरीर बारीक किंवा जाड केल्याबद्दलच बोलतो. त्वचा आणि केस त्यात नाहीत. नॉर्वेने त्वचाही धरली. या सूचनेतून काहीतरी बदललंय एवढं कळतं, काय बदललं ते नाही. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएसए या संस्थेने 2011 मध्ये ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दोन जाहिराती बंद केल्या. चेहऱ्यावरचा परिणाम उत्पादनाचा किती आणि रिटचिंगचा किती, हे कंपनीला दाखवता आलं नव्हतं. मला हा निकाल सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण त्याने पुरावा द्यायची जबाबदारी बघणाऱ्यावर टाकली नाही.

वर सांगितलेल्यातलं बरंचसं आता जुनं होत चाललंय, हेही सांगायला हवं. 2023 पासून फोटोशॉपमध्येच चित्र निर्माण करणारी साधनं आली. कंबर आत घ्यायची आणि शेजारची भिंत नव्याने तयार करून घ्यायची. टाइल्स सरळ, सांधे जुळलेले. 2025 च्या ऑगस्टमधल्या अमेरिकी व्होगमध्ये गेस या कपड्यांच्या कंपनीची एक जाहिरात आली, तिच्यातली मॉडेल अस्तित्वातच नव्हती, एआयने तयार केली होती, आणि तसं बारीक अक्षरांत लिहिलं होतं. अशा चित्रात मूळ फोटोच नसतो, त्यामुळे मूळ शोधण्यात अर्थ नाही. तिथे मी शिवण बघते. बाहीची शिवण कुठून निघून कुठे जाते, बटणाला समोर काज आहे का, दोन कानांतली कर्णफुलं एकाच जोडीची आहेत का, साखळीची कडी कडीत अडकलेली आहे का. कपडा शिवणाऱ्याला जे माहीत असतं ते या साधनांना अजून नीट माहीत नाही.

मॉडेल खरी असेल तर सगळ्यात भक्कम पुरावा तुलनेतून मिळतो. एका मोहिमेचे फोटो अनेक मासिकांत, देशांत, दुकानांच्या पानांवर वेगवेगळे कापून वापरतात, आणि सगळ्यांवर काम सारखं झालेलं नसतं. उलट चित्रशोध करून, म्हणजे शोधयंत्रात चित्रच टाकून त्याच्यासारखी चित्रं शोधून, ते गोळा करा. त्याच चित्रीकरणाचा व्हिडिओ मिळाला तर उत्तम, कारण हलत्या चित्राची प्रत्येक चौकट सुधारणं महाग पडतं. आणि मॉडेल एजन्सींच्या संकेतस्थळांवर डिजिटल्स नावाचा विभाग असतो, जुने लोक त्यांना पोलारॉइड म्हणतात: साधे कपडे, मेकअप जवळजवळ नाही, साधी भिंत, समोरून, बाजूने आणि पाठीमागून काढलेले फोटो, सोबत उंची आणि मापं. ग्राहकाला खरी मुलगी दिसावी म्हणूनच ते काढलेले असतात, त्यामुळे त्यांना सहसा हात लावत नाहीत. सरावालाही जाहिरातींऐवजी तेच घ्या. सांगाडा बसेल.

आता तुमच्या फोटोतला हात. कंबरेवर हात ठेवलेली पोझ आम्हाला नकोशी वाटते, कारण कंबर आत घेतली की हात हवेत लटकतो. मग हातही तिच्यासोबत आत सरकवावा लागतो, आणि कोपर होतं तिथेच राहिल्याने कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लांब होतो, मनगट निमुळतं होतं, कधी बोटं बारीक होतात. तेव्हा दंड आणि खालचा हात दोन्ही मोजा. खालचा हात दंडापेक्षा थोडा आखूड असतो. फोटोत तो लांब भरला तर लगेच निष्कर्ष काढू नका. कोपर मागे गेलं असेल तर दंड तिरका होऊन आखूड दिसतो. खांद्याची गोलाई आणि दंडावरची सावली बघून ते ठरवता येईल. दंड कॅमेऱ्याला समांतर असूनही खालचा हात लांब असेल, तर कंबर ढकलली आहे, आणि कोपराच्या त्रिकोणातला टाइलचा सांधा बहुतेक शरीराकडे झुकलेला सापडेल. मग एक करून बघा. खालच्या हाताची लांबी दंडावरून ठरवा, कोपर आहे तिथेच ठेवून तेवढाच हात काढा, आणि तळवा जिथे संपतो तिथून कंबरेची रेघ सुरू करा. दुसऱ्या बाजूची कंबरही तेवढीच बाहेर घ्या. फोटो काढला त्या दिवशी ती बाई साधारण तशी दिसत होती.